निरंक

जानेवारीचा पहिला पंधरवडा उलटला की दोन-तीन ठिकाणांहून माझ्याकडे एकाच मजकुराचा कागद सहीसाठी येतो. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा असे सांगतो की, १० किंवा त्याहून अधिक माणसे काम करीत असतील तेथे मालकाने अंतर्गत समिती नेमली पाहिजे. समितीची अध्यक्ष त्याच आस्थापनेतील वरिष्ठ पदावरची स्त्री असावी, निदान निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्यात आणि एक सदस्य बाहेरचा, या प्रश्नाची जाण असलेला असावा. ही ‘बाहेरची’ सदस्य म्हणून पुण्याच्या आसपास काही ठिकाणी मी गेली काही वर्षे जाते. वर्ष संपले की समितीने मालकाला आणि जिल्हा अधिकाऱ्याला अहवाल द्यायचा असतो, आणि त्यात पाचच गोष्टी विचारलेल्या असतात: वर्षभरात तक्रारी किती आल्या, किती निकाली निघाल्या, ९० दिवसांहून अधिक काळ किती रेंगाळल्या, कार्यशाळा किंवा जनजागृतीचे कार्यक्रम किती झाले आणि मालकाने कारवाई कोणती केली.

यंदा चाकणच्या बाजूच्या एका कारखान्यातून आलेल्या कागदावर या पाच ओळींपुढे निरंक, निरंक, निरंक, एक, निरंक असे लिहिलेले होते. कारखान्याचे नाव अर्थातच सांगणार नाही. मनुष्यबळ विभागाच्या अधिकाऱ्यांनी चहाचा कागदी पेला पुढे सरकवत, मुलाचा निकाल सांगावा तशा सुरात सांगितले, “मॅडम, सलग चौथं वर्ष. एकही केस नाही.” मागची तीन वर्षे मी या कागदावर सही केलेली आहे. यंदा मी पेन उघडले आणि पुन्हा बंद केले. का, ते नीट सांगायचे तर मला बरेच मागे आणि बरेच दूर जावे लागेल.

समितीपुढे आलेल्या कोणत्याही तक्रारीविषयी मी येथे एक अक्षर लिहिणार नाही. कायद्याचे १६ वे कलम ते लिहू देत नाही, आणि ते कलम नसते तरीही मी लिहिले नसते. पण गेल्या पावसाळ्यात त्याच कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये, पन्नासएक बायकांसमोर उघडपणे झालेले बोलणे सांगायला हरकत नाही. अहवालातली ती ‘एक’ कार्यशाळा कॉन्फरन्स रूममध्ये, कर्मचाऱ्यांसाठी, पडद्यावर इंग्रजी मजकूर दाखवून झाली होती. पॅकिंगमधल्या आणि असेंब्लीच्या लाइनवरच्या बायका ठेकेदाराकडून आलेल्या, त्यामुळे त्यांना कोणी बोलावलेच नव्हते. वास्तविक कायद्यातील कर्मचाऱ्याच्या व्याख्येत कंत्राटी कामगार स्पष्टपणे येतात. मी हट्ट धरला म्हणून दोन पाळ्यांच्या मधला अर्धा तास मला कॅन्टीनमध्ये मिळाला. मागे भांडी घासण्याचा आवाज चालू होता आणि बायकांचे निम्मे लक्ष बाहेर उभ्या असलेल्या कंपनीच्या बसकडे होते.

भिंतीवर कायद्याचा फलक होता. चाळिशीच्या एका बाईंनी तो मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि तिसऱ्या मुद्द्यावर त्या अडल्या. तिथे लिहिले होते, ‘लैंगिक रंगाची शेरेबाजी’. “ताई, रंगाची म्हणजे कसली?” त्यांनी विचारले आणि सगळ्या हसल्या. हसे ओसरल्यावर मागून एक आवाज आला, “हात लावला तर चार जण बघतात. नुसतं बोलला तर काय दाखवायचं?” आणि मग खांबाला टेकून उभी असलेली, विशीतली वाटणारी एक मुलगी, कोणाकडेही न बघता म्हणाली, “आणि काही बोललाच नाही, नुसता बघत राहिला तर?”

या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्या फलकावर होती. मी ती समजावून सांगितली. नको असलेली कृती शारीरिक असेल, शाब्दिक असेल किंवा शब्दांवाचूनची असेल, कायदा तिन्ही धरतो, हेही सांगितले. त्यावर पहिल्या बाईंनी मला विचारले, “हे लिहिलं कोणी?” बसची वेळ झाली होती. मी “सरकारनं” असे म्हणून मोकळी झाले. घरी येईपर्यंत ते उत्तर मला टोचत राहिले, कारण ते जेमतेम अर्धे खरे होते.

त्या फलकावरचे वाक्य २०१३ च्या कायद्याच्या दुसऱ्या कलमातले आहे. कायद्याने ते सर्वोच्च न्यायालयाच्या १३ ऑगस्ट १९९७ च्या विशाखा निकालातून घेतले. आणि न्यायालयाने ते घेतले १९९२ च्या एका दस्तऐवजातून, ज्याचे नाव ‘सर्वसाधारण शिफारस क्रमांक १९’ इतके कोरडे आहे की ते ऐकून कोणी मान वर करून पाहणार नाही. स्त्रियांविरुद्धच्या सर्व प्रकारच्या भेदभावांचे निर्मूलन करण्याचा जो आंतरराष्ट्रीय करार आहे, ज्याला चळवळीत सगळे ‘सीडॉ’ म्हणतात, त्याच्या समितीने आपल्या अकराव्या अधिवेशनात ही शिफारस केली. लैंगिक छळात शारीरिक स्पर्श आणि लगट, ‘लैंगिक रंगाचे’ शेरे, अश्लील गोष्टी दाखवणे आणि शब्दांतून वा कृतीतून केलेली लैंगिक मागणी यांचा समावेश होतो, असे त्या शिफारशीत म्हटले आहे. सर्वोच्च न्यायालयाने त्या यादीला शेवटी एक जोड दिली: याखेरीज नको असलेले इतर कोणतेही शारीरिक, शाब्दिक किंवा निःशब्द लैंगिक वर्तन. म्हणजे ‘शेऱ्यांचा रंग’ समितीच्या इंग्रजीतून आला आणि भाषांतरकाराने तो इमानाने मराठीतही लावला. पण नुसते बघत राहणाऱ्या माणसाचे काय, या खांबाला टेकलेल्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर भारतात घातले गेले.

सीडॉ करार संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १८ डिसेंबर १९७९ रोजी स्वीकारला आणि ३ सप्टेंबर १९८१ पासून तो अमलात आला. कलमे एकूण ३०. १८९ पक्षांनी तो मान्य केला आहे. अमेरिकेने १९८० मध्ये सही केली, पण मान्यता आजतागायत दिलेली नाही, ही गोष्ट तिकडून आलेल्या कंपन्यांच्या देखण्या पुस्तिका वाचताना मला नेहमी आठवते. भारतानेही १९८० च्या जुलैमध्ये सही केली आणि मान्यता दिली ती १९९३ मध्ये. २०१३ च्या कायद्याच्या उद्देशिकेत या मान्यतेची तारीख २५ जून छापली आहे, तर संयुक्त राष्ट्रांच्या दप्तरी ९ जुलैची नोंद आहे. तेरा वर्षे थांबल्यावर पंधरवड्याचा हिशेब कोण करणार!

या कराराकडे पोलीस नाहीत, तुरुंग नाही, दंड वसूल करण्याची सोय नाही. करार मान्य करणाऱ्या देशाने पहिला अहवाल एका वर्षात आणि त्यानंतर दर चार वर्षांनी पुढचा अहवाल द्यायचा. २३ तज्ज्ञांची समिती तो वाचते, लेखी प्रश्न पाठवते, सरकारच्या प्रतिनिधींना समोर बसवून तोंडी प्रश्न विचारते आणि शेवटी आपली निरीक्षणे प्रसिद्ध करते. संपले. विचारणे एवढेच तिच्या हातात असते. हे पहिल्यांदा समजले तेव्हा मी निराश झाले होते. आता तसे वाटत नाही, पण त्यासाठी भटेरीची गोष्ट सांगावी लागेल.

राजस्थान सरकारने १९८४ मध्ये युनिसेफच्या साहाय्याने महिला विकास कार्यक्रम सुरू केला होता. गावातल्याच एका बाईला ‘साथिन’ म्हणून तुटपुंज्या मानधनावर नेमायचे आणि तिने घरोघर जाऊन शिक्षण, आरोग्य, मजुरी, बालविवाह यांविषयी बोलायचे, अशी ती रचना होती. जयपूरजवळच्या भटेरी गावातील भंवरी देवी ही अशीच एक साथिन होती. १९९२ मध्ये एका तान्ह्या मुलीचे लग्न लावले जात असताना तिने ते थांबवण्याचा प्रयत्न केला. म्हणजे जे काम सरकारने तिला नेमून दिले होते तेच तिने केले. त्याच वर्षी २२ सप्टेंबरला गावातल्या वरच्या जातीच्या पुरुषांनी शेतात तिच्यावर सामूहिक बलात्कार केला. तिने तक्रार केली आणि ती मागे घेतली नाही. १९९५ च्या नोव्हेंबरमध्ये खालच्या न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडून दिले.

तिचा फौजदारी खटला हा एक भाग झाला. दिल्ली आणि जयपूरच्या स्त्रीसंघटनांनी जो प्रश्न घेऊन सर्वोच्च न्यायालय गाठले तो निराळा होता. ही बाई कामावर होती म्हणून तिच्यावर हल्ला झाला, मग काम देणाऱ्याची जबाबदारी कोणती? आणि साथिनीच्या कामाचे ठिकाण कोणते, कचेरी की सगळा गाव? कोणत्याही कायद्यात याचे उत्तर नव्हते. भारतीय दंडसंहितेत विनयभंगाचे कलम होते. पण नोकरीत रोज थोडे थोडे सोसावे लागते त्याला देशाच्या कायद्यात नावच नव्हते. नाव नसलेल्या गोष्टीची तक्रार कोणत्या रकान्यात लिहायची?

विशाखा खटला तो हाच. खंडपीठावर सरन्यायाधीश जे. एस. वर्मा, न्यायमूर्ती सुजाता मनोहर आणि न्यायमूर्ती बी. एन. कृपाल होते. सुजाता मनोहर या मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या स्त्री न्यायाधीश आणि पुढे तेथील पहिल्या स्त्री मुख्य न्यायमूर्ती. न्यायालयाला साहाय्य करणारे वकील, म्हणजे ‘न्यायालयाचे मित्र’, म्हणून फली नरीमन उभे होते आणि केंद्र सरकारची बाजू मांडणारे सॉलिसिटर जनरल होते मुंबईचेच टी. आर. अंध्यारुजिना. संसदेने कायदा केलेला नाही, मग न्यायालयाने नियम कशाच्या आधारावर घालायचे, ही अडचण होती. न्यायालयाने समानता, स्वातंत्र्य आणि जीवित यांचे मूलभूत हक्क देणारी संविधानाची कलमे १४, १५, १९ आणि २१ पुढे ठेवली. आंतरराष्ट्रीय कराराविषयी आदर वाढीस लावावा असे सांगणारे ५१ वे कलम आणि असे करार अमलात आणण्यासाठी संसदेला कायदा करू देणारे २५३ वे कलम, ही दोन्हीही त्यांच्या शेजारी आणली. मग असे म्हटले की, देशाने मान्य केलेला करार आपल्या मूलभूत हक्कांशी सुसंगत असेल आणि देशातील कायद्याशी त्याचा विरोध येत नसेल, तर त्या हक्कांचा अर्थ लावताना तो वाचता येतो. १९९५ च्या सप्टेंबरमध्ये बीजिंगच्या चौथ्या जागतिक महिला परिषदेत भारत सरकारने जी वचने दिली होती, त्यांचीही न्यायालयाने आठवण करून दिली.

मला या निकालातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. १९९३ मध्ये दिल्लीतील कोणा अधिकाऱ्याने मान्यतेची फाइल पुढे सरकवली, तेव्हा पुढे चार वर्षांनी एका साथिनीच्या संदर्भात कोणी ती उघडील, असे त्याच्या ध्यानीमनीही नसणार. बहुतेक सरकारे असे करार नाव राखण्यासाठी मान्य करतात. पण एकदा सही झाली की कागद सरकारचा एकट्याचा राहत नाही. तो कोणीही हातात घेऊन विचारू शकते की, तुम्ही हे कबूल केले होते ना?

पाश्चात्त्यांनी लिहिलेले आपण मुकाट उचलले, असा आक्षेप मी कार्यशाळांत निदान दहा वेळा ऐकला असेल, आणि तो घेणारे बहुधा विदेशी कंपनीच्या पगारावर असतात. त्यांना मी पुण्यातलीच एक जागा सांगते. १९२७ च्या जानेवारीत अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन फर्ग्युसन महाविद्यालयात भरले. आरंभी विषय मुलींच्या शिक्षणाचा होता, पुढे त्यात वारसा, विवाह आणि मताधिकार आले. याच परिषदेच्या एकेकाळच्या अध्यक्ष हंसाबेन मेहता १९४६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या स्त्रियांच्या दर्जाविषयीच्या उपआयोगावर गेल्या आणि त्यानंतर मानवी हक्क आयोगावर. मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याच्या मसुद्यातील पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असाही अर्थ निघणारा इंग्रजी शब्द होता. तो काढून तेथे ‘सर्व माणसे’ आणण्यात त्यांचा वाटा निर्णायक होता. परिषदेच्या दुसऱ्या नेत्या बेगम शरीफा हमीद अली १९४७ मध्ये स्त्रियांच्या दर्जाविषयीच्या आयोगाच्या पहिल्या बैठकीस भारताच्या प्रतिनिधी म्हणून हजर होत्या. सीडॉचा मसुदा पुढे याच आयोगात तयार झाला. तेव्हा चाकणच्या फलकावरचे वाक्य परदेशाहून आले हे खरे, पण ते जिथे लिहिले गेले त्या घराच्या पायाभरणीला इथली माणसे होती.

विचारण्याने काय होते याचा मला आवडणारा दुसरा दाखला त्याहूनही जुना आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची पहिली परिषद १९१९ मध्ये वॉशिंग्टनला भरली. भारतातील कामगारांचे प्रतिनिधी म्हणून मुंबईचे नारायण मल्हार जोशी तेथे होते. बाळंतपणाआधी आणि नंतर सहा-सहा आठवड्यांची रजा मिळावी, असा ठराव तेथे झाला. भारतावर तो लागू झाला नाही. भारत सरकारने या प्रश्नाचा अभ्यास करून कळवावे, एवढेच परिषदेने म्हटले. म्हणजे पुन्हा नुसता प्रश्न. पण त्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत डॉ. बार्न्स नावाच्या एक स्त्री डॉक्टर सरकारतर्फे चाळीचाळींतून फिरल्या. तान्ह्या मुलांना अफूची गोळी चाटवून, निजवून कामावर जाणाऱ्या बायका त्यांनी पाहिल्या आणि ते १९२२ मध्ये छापून आले. १९२४ मध्ये जोशींनी केंद्रीय विधिमंडळात प्रसूतिलाभाचे विधेयक आणले, ते पडले. मुंबई विधिमंडळात १९२८ मध्ये ते प्रांतापुरते आले, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी बाळंतिणीला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे सांगून त्याला पाठिंबा दिला, आणि त्याचा भार बराचसा सरकारने उचलावा, हेही बजावले. १९२९ चा मुंबईचा प्रसूतिलाभ कायदा हा भारतातील असा पहिला कायदा. त्यात दिवसाला आठ आणे मिळत. वॉशिंग्टनच्या ठरावापुढे ते थोडे होते, पण आधी काहीच नव्हते.

आता दुसरी बाजू. भारताने सीडॉ मान्य केला तो काही अटी घालून. कोणत्याही समाजाच्या खासगी बाबींत त्या समाजाच्या पुढाकाराशिवाय आणि संमतीशिवाय हस्तक्षेप न करण्याच्या आपल्या धोरणाला धरूनच कराराचे रूढी बदलण्याविषयीचे ५ वे आणि विवाह व कुटुंबातील समानतेविषयीचे १६ वे कलम पाळू, असे एक निवेदन त्याला जोडले आहे. दुसरे निवेदन विवाहनोंदणीचे: सक्तीची नोंदणी तत्त्वतः मान्य, पण इतक्या विशाल, निरनिराळ्या चालीरीतींच्या आणि साक्षरतेच्या देशात ती व्यवहार्य नाही. हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला हसू आले. मुंबई राज्यात विवाहनोंदणीचा कायदा १९५३ पासून होता, आणि गोव्यात तर पोर्तुगीज काळापासून निबंधकाकडे नोंद झाल्याखेरीज लग्न कायद्याने लागत नाही. दिल्लीने अव्यवहार्य म्हटलेली गोष्ट दादरच्या मंगल कार्यालयांतून आणि मडगावच्या कचेरीतून पिढ्यान्‌पिढ्या चालली होती! पुढे २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व धर्मांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करावी, असे राज्यांना सांगितले. पण निवेदन मात्र करारात तसेच आहे, आणि सीडॉ समिती ते मागे घेण्याविषयी वारंवार विचारते. शिवाय एकटीदुकटीला थेट समितीकडे तक्रार करू देणारा १९९९ चा ऐच्छिक पूरक करारही भारताने स्वीकारलेला नाही. त्यामुळे देशातील सगळी दारे ठोठावून झालेल्या बाईला तिकडचे दार उघडे नाही.

अहवालांचे म्हणाल तर १९९३ च्या मान्यतेनंतरचा पहिला अहवाल १९९४ मध्ये जायला हवा होता. तो समितीपुढे चर्चेला आला २००० च्या जानेवारीत. त्यानंतर दुसरा आणि तिसरा एकत्र करून २००७ मध्ये, चौथा आणि पाचवा एकत्र करून २०१४ मध्ये. दोन इयत्तांची परीक्षा एकदम द्यावी तसा हा प्रकार. सरकारी अहवालांत योजनांची यादी मोठी असते. ती यादी आणि प्रत्यक्ष स्थिती यांतील अंतर दाखवण्यासाठी स्त्रीसंघटना समितीला आपला पर्यायी अहवाल देतात, आणि तज्ज्ञांचे टोकदार प्रश्न पुष्कळदा त्यातूनच निघतात. म्हणजे बीड किंवा बस्तरमध्ये कोणी तरी वहीत लिहून ठेवले असेल, तरच जिनिव्हात ते कोणाला विचारता येईल. खाली वहीच नसेल, तर वर प्रश्न कुठून येणार?

विशाखा निकालानंतरही असेच झाले. न्यायालयाने समित्या नेमायला सांगितल्या, आणि बहुतेक ठिकाणी त्या झाल्याच नाहीत किंवा कागदावर झाल्या. तेव्हा पुण्याच्या ‘आलोचना’ या संस्थेच्या मेधा कोतवाल-लेले यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहून हे कळवले. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले आणि राज्याराज्यांकडून प्रतिज्ञापत्रे मागवली. समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या कारवाईसाठी चौकशीचा अहवाल मानला जाईल, हा २००४ चा आदेश त्याच प्रकरणात निघाला. मी पहिल्यांदा समितीत बसले तेव्हा तो आदेश नसता, तर तक्रार करणाऱ्या बाईला तीच कहाणी दुसऱ्या चौकशी अधिकाऱ्यापुढे पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागली असती. १९ ऑक्टोबर २०१२ ला त्या याचिकेचा अंतिम निकाल लागला आणि पुढच्या वर्षी कायदा आला. एका पत्राला एवढे लांबचे पाय फुटले.

आणि कायदा येऊन १० वर्षे होत असताना, १२ मे २०२३ ला, गोवा विद्यापीठाशी संबंधित एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा तेच विचारावे लागले: समित्या आहेत का, असल्यास नियमाप्रमाणे आहेत का, त्यांची माहिती लोकांना मिळेल अशी लावली आहे का? त्या निकालात एका वृत्तपत्रीय पाहणीचा उल्लेख आहे. ३० राष्ट्रीय क्रीडा महासंघांपैकी १६ ठिकाणी नियमाप्रमाणे समितीच नव्हती. ज्या संस्थांमधून मुली देशाचा झेंडा घेऊन बाहेर जातात, तिथली ही स्थिती. त्याच निकालात मूळ चौकशी समितीच्या घाईमुळे ज्याच्याविरुद्ध तक्रार होती त्याला बाजू मांडायची नीट संधी मिळाली नाही, असेही न्यायालयाने म्हटले, आणि हा धडा आम्हा समितीवाल्यांसाठी आहे. समिती नुसती असून भागत नाही, तिला काम येत असले पाहिजे. अर्धवट शिकलेली समिती दोन्ही पक्षांचे नुकसान करते.

तर तो कागद माझ्यापुढे होता. ‘निरंक’ हा शब्द आपल्या कचेऱ्यांत फार सोयीचा आहे. सरकारी पत्रांना उत्तर देताना माहिती नाही, पाहिले नाही आणि खरोखरच काही घडले नाही, या तिन्हींसाठी तो एकच चालतो. चार वर्षांत एकही तक्रार आली नसेल हे शक्य आहे. पण त्या कॅन्टीनमध्ये एका मुलीने विचारलेला प्रश्न मनातल्या मनात घोळवून तयार झालेला असतो, असा उगाच सुचत नाही, हेही मला माहीत होते. तक्रार ज्या समितीकडे करायची, तिच्या सदस्यांची नावे आणि फोन नंबर फलकाखालच्या चौकटीत लिहायचे असतात. ती चौकट कोरी होती, हेही मी त्या दिवशी पाहिले होते.

मी अधिकाऱ्यांना म्हटले की, आकड्यांवर माझा आक्षेप नाही. पण चौथ्या ओळीतील ‘एक’ पुढे, त्या कार्यशाळेला किती बायका होत्या आणि त्यांत ठेकेदाराकडच्या किती, एवढे लिहू या. आणि कॅन्टीनमधला अर्धा तास कोणत्या रकान्यात धरायचा तेही ठरवू या. ते सज्जन गृहस्थ आहेत. माझ्या बोलण्याचा त्यांना राग आला नाही, थोडा वैताग आला. “मॅडम, फॉर्ममध्ये तेवढी जागा नाही,” ते म्हणाले. मी म्हटले, “मागची बाजू कोरी आहे.”

मग मी आणखी एक विचारले. पॅकिंग आणि असेंब्ली धरून ठेकेदाराकडच्या एकूण बायका किती? त्यांनी संगणकावर पाहिले, दुसऱ्या टेबलावर विचारले, हजेरीची एक वही मागवली. वहीत डोकी होती, पण स्त्री-पुरुष असे वेगळे काढलेले नव्हते. शेवटी त्यांनी ठेकेदाराला फोन लावला. ठेकेदार म्हणाला, संध्याकाळपर्यंत सांगतो.

त्याला आज आठ दिवस झाले. कागद माझ्या पिशवीत आहे, शुक्रवारी मी पुन्हा तिकडे जाणार आहे. जाताना फलकाखालच्या चौकटीत मावेल असे एक मार्करचे पेन घेतले आहे, जाड टोकाचे, पुसले न जाणारे.